व्हय म्हाराजा! मालवणातलं एक स्नेहसंमेलन

(दृश्य : कॉलेजचं पटांगण, मांडव. केळीच्या पानावर नारळ, विडा, अगरबत्ती.)

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी आज कार्यक्रम मांडलेलो आसा, तो नीट पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय वाकडानाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मालवण तालुक्यातल्या या कॉलेजात स्नेहसंमेलनाला सुरुवात होते ती गाऱ्हाण्याने. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार हे सगळं त्यानंतर. गाऱ्हाणं घालणारे आहेत एका विद्यार्थिनीचे आजोबा. आणि हुंकार ऐका, तो पुढच्या खुर्च्यांवरून कमी आणि मागून जास्त येतोय. मागे पालक बसलेत. गाऱ्हाण्यात कुठे थांबायचं आणि कुठे होकार भरायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

संमेलनाची तारीख ठरवणं हे इथे सोपं काम नाही. दिवस जत्रांचे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती कळल्याशिवाय कॉलेजही आपली तारीख पक्की करत नाही. शिवाय आंब्याला मोहोर आलेला, बागायतदारांची फवारणीची घाई. घरची माणसं येणार नसतील तर संमेलन कुणासाठी करायचं, हा इथला साधा हिशोब आहे.

(दृश्य : फाटकाशी थांबलेली एसटी.)

माणसं येताहेत. कुणाची आई सकाळचा मासळीचा लिलाव आटोपून आलीय, केसात अबोलीचा वळेसर माळून. कुणाचे बाबा रापणीवरून, किनाऱ्यावर जाळं ओढून, थेट. कुणाचा मुंबईचा काका रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून, तिथून एसटीने. १९९८ साली कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा सगळा मार्ग सुरू झाला. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी चाकरमानी गावी येऊन परत कामावर जाऊ शकतो, ही सोय त्यानंतरची. पुतणीचा नाच बघायला रात्रभर प्रवास करून आलेल्या या माणसाला आम्ही विचारलं, दमला नाहीत? तो म्हणाला, "तिचा नाव पत्रिकेत छापलेला बघलंय, मगे ऱ्हवतलंय कसो?"

दुपारी खाण्याचे स्टॉल लागतात. घावणे, सोलकढी, नारळाच्या गोड रसातले शिरवळे, आल्याच्या चवीचा गुळातला खाजा. पदार्थ मुलांनी विकायचे असं ठरलेलं असतं, पण थोड्या वेळाने बघावं तर बिड्याच्या तव्यासमोर आयाच बसलेल्या. घावणं जाळीदार पडत नाही हे त्यांना बघवत नाही. पारंपरिक वेशभूषेची फेरी, शेलापागोटे, बक्षीस समारंभ हेही होतं. मोठ्या कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावून नाचही होतात, टाळ्याही पडतात. पण कॅमेरा फिरवावासा वाटला तो दोनच गोष्टींकडे.

पहिली, आयांची फुगडी.

निवेदक विद्यार्थी पालकांना स्टेजवर बोलावतो, तेव्हा आधी कुणीच उठत नाही. मग एक उठते, पदर खोचते, शेजारणीचा हात ओढते. इथल्या वाड्यावाड्यांतून बायकांच्या फुगड्या गणपतीत रात्र रात्र चालतात, स्पर्धाही होतात. झिम्मा, कोंबडा, बसफुगडी, एकातून दुसरी निघत जाते. खाली बसलेल्या मुली आधी मोबाईलवर चित्रण करत होत्या. पाच मिनिटांत मोबाईल बाकावर आणि मुली स्टेजवर. त्यांना आयांची लय धरता येत नाही, पाय चुकतात. आया थांबून पुन्हा दाखवतात. वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या एक मॅडमही आता त्या फेरात आहेत.

दुसरी गोष्ट संध्याकाळी, मुलांनी केलेला दशावतार.

(दृश्य : वर्गखोलीचा झालेला रंगपट. बाकावर आरसा, रंग, मुकुट.)

दशावतार हे इथलं लोकनाट्य. सिंधुदुर्गात दशावतार म्हणजे गावच्या देवळातली जत्रा. कार्तिकापासून वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, चेंदवणकर अशी मंडळं गावोगाव फिरतात. पेटी, पखवाज, झांज आणि एक साधं बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. लिहिलेली संहिता नसते. रंगपटात बसून आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात, आणि संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर जुळवायचे. नट आपला चेहरा आपणच रंगवतो.

या मुलांनी हे सगळं नियम म्हणून पाळलं. कागद नाही, पाठांतर नाही. आख्यान अभिमन्यूचं. वेगळं एकच. दशावतारात स्त्रीपात्रंसुद्धा पुरुषच करत आले, इथे सुभद्रा झालाय दुसऱ्या वर्षाचा मुलगा आणि अभिमन्यू झालीय त्याच्याच वर्गातली मुलगी. सुभद्रेच्या अंगावर त्याच्या आईची नऊवारी आहे. नेसवलीही तिनेच, चिमटीत दोरा धरून निऱ्या पक्क्या करत.

आधी गणपती आला, रिद्धीसिद्धी आल्या. मग काळ्या वेशातला संकासुर, वेद चोरणारा, मालवणीत बोलणारा. त्याने प्राचार्यांना खुर्चीवरून उठवून वेदांचा पत्ता विचारला आणि मांडव हसून लोळला. पण आजोबा-आज्यांची ही पिढी खुर्चीत सावरून बसली ती युद्धावर निघालेला अभिमन्यू आईचा निरोप घ्यायला आला तेव्हा.

संवाद तिथल्या तिथे जुळत होते. अभिमन्यू म्हणाला, चक्रव्यूहात शिरायचं मी तुझ्या पोटात असताना ऐकलं, पुढचं ऐकायचं राहिलं. सुभद्रा काही क्षण गप्प राहिली. मुलाला शब्द सुचत नव्हते की त्याने थांबायचं ठरवलं होतं, आम्हाला कळलं नाही. पखवाजवाल्याने मात्र ओळखलं आणि हलकेच ठेका धरला. मग सुभद्रा बोलली, "बाळा, मला झोप लागली नसती तर आज तू परत आला असतास." पाठ केलेल्या नाटकात हे वाक्य इतकं लागलं असतं असं आम्हाला वाटत नाही. खाली त्याची आई बसली होती. तिने दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरला.

हे प्रेक्षक दशावतार लहानपणापासून बघत आलेत. कुठे नट अडखळला, कुठे सावरला, सगळं त्यांना दिसतं. अशा माणसांपुढे उभं राहायला धैर्य लागतं, आणि या मुलांना ते होतं. दाद मिळाली ती खरी मिळाली.

जत्रेत नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि दहीकाल्याची हंडी फुटून संपतं. इथे शेवटची एसटी पकडायची असते म्हणून हंडी रात्री साडेनऊलाच फुटली. दही-पोह्यांचा काला हातावर घेऊनच माणसं फाटकाकडे निघाली.

(दृश्य : रंगपट. अभिमन्यूचा मुकुट उतरलाय, रंग अजून तसाच.)

सकाळी गाऱ्हाणं घालणारे आजोबा आता रंगपटाच्या दारात आहेत. तरुणपणी ते स्वतः एका मंडळात राजपार्ट करायचे. मुलीला ते सांगतात, "चेडवा, आवाज बरो आसा. पन घाई करू नको. पखवाज थांबलो काय मगे बोल." ती विचारते, पुन्हा कधी सांगाल? ते पुढच्या आठवड्यातल्या आपल्या गावच्या जत्रेचं नाव घेतात आणि म्हणतात, रात्री लवकर ये, रंगपटात बसून बघ. ती बाबांकडे बघते. बाबा एसटीची वेळ विचारतात.