डायडोच्या बहिणीचे शब्द, मोलकरणीच्या तोंडी

मित्रहो, पेट्रोनियसची ‘सॅटिरिकॉन’ ही लॅटिन कादंबरी आज आपल्या हाती सबंध नाही, तिचे तुकडेच उरलेत. ट्रिमाल्किओच्या मेजवानीचं प्रकरण तर १६५०च्या सुमारास डाल्मेशियातल्या त्रोगीर गावी एका हस्तलिखितात सापडलं आणि १६६४ मध्ये पादुआला छापलं गेलं. लेखक बहुधा रोमन सम्राट नीरोच्या दरबारातला, इ.स. ६६ मध्ये मरण पत्करलेला पेट्रोनियसच. गद्याच्या मध्येच पद्य येतं, साधारण आपल्याकडच्या चंपूसारखं.

कथेचा सांगाडा सरळ ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’चा आहे. तिचा नायक ओडिसियस याच्यावर समुद्रदेव पोसायडनचा कोप होता; इथल्या कफल्लक नायकावर, एन्कोल्पियसवर, बागा राखणाऱ्या प्रायपस देवाचा. ओडिसियस मेंढ्याच्या पोटाला लटकून राक्षसाच्या गुहेतून निसटला. इथे एन्कोल्पियसचा सोबती गीटॉन हा पोरगा धर्मशाळेतल्या खाटेच्या पट्ट्यांना खालून लटकून लपतो.

ट्रिमाल्किओ हा गुलामीतून सुटून गडगंज झालेला माणूस. त्याच्याकडे होमरचे प्रवेश ग्रीकमध्ये चालू असतात आणि तो पाहुण्यांना कथा समजावतो: डायोमिडीझ आणि गॅनिमीड हे भाऊ, हेलन त्यांची बहीण! एकही नातं बरोबर नाही. मग शिरस्त्राण घातलेलं उकडलेलं वासरू येतं. मागून ‘एजॅक्स’ झालेला नोकर तलवार उपसून वेड्यासारखा त्याचे तुकडे करतो आणि तलवारीच्या टोकावर पाहुण्यांना वाढतो. वेडाच्या भरात गुरं कापणाऱ्या एजॅक्स या ग्रीक वीराची शोकांतिका इथे ताटात पडते. या माणसाला नुसतं हसून सोडून द्यावं, असं मला वाटत नाही. होमर आपल्या घरात असावा ही त्याची ओढ खरी आहे.

पण विडंबनाची खरी ताकद पाहायची तर एफेससच्या विधवेची गोष्ट वाचावी. नवरा गेला म्हणून ही बाई त्याच्या थडग्यात उतरते आणि अन्नपाणी सोडते. पाच दिवस होतात. जवळच क्रुसावरच्या प्रेतांवर पहारा करणारा शिपाई आपलं जेवण घेऊन येतो. आधी मोलकरीण खाते, मग मालकिणीला म्हणते, ‘राखेला, पुरलेल्या आत्म्यांना हे कळतं असं वाटतं का तुम्हाला?’ ही ओळ रोमन महाकवी व्हर्जिलची आहे. त्याच्या ‘इनीड’ या महाकाव्यात इनीअस या वीरावर मन जडलेल्या विधवा राणी डायडोला तिची बहीण ॲना हेच विचारते. रोमन पोरं हे काव्य शाळेत घोकत असत, त्यामुळे वाचकाला लगेच खूण पटणार. पेट्रोनियसने एक क्रियापद तेवढं बदललंय. पुढे बाईने शिपायाचं प्रेम स्वीकारावं म्हणूनही मोलकरीण ॲनाच्याच बोलण्यातली ओळ वापरते.

डायडो त्या प्रेमापायी चितेवर चढून तलवारीने मरते. ही बाई जेवते, आणि जगते. शिपाई तिच्यापाशी असताना क्रुसावरचं एक प्रेत चोरीला जातं. शिक्षेच्या भीतीने तो स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा तीच म्हणते, जिवंत माणूस मारण्यापेक्षा मेलेला टांगलेला बरा. आणि नवऱ्याचं प्रेत क्रुसावर चढतं. महाकाव्याने करुण केलेला प्रसंग तेच शब्द घेऊन जगण्याकडे वळवणं, याला मी थट्टेपेक्षा मोठी गोष्ट मानतो.

ही गोष्ट युमोल्पस कवी जहाजावर सांगतो. खलाशी खो खो हसतात. जहाजावरची ट्रायफीना ही बाई लाजून गीटॉनच्या मानेत तोंड लपवते. जहाजाचा मालक लायकस मात्र हसत नाही. तो संतापाने मान हलवत म्हणतो, सुभेदाराने नवऱ्याचं प्रेत थडग्यात परत ठेवून त्या बाईलाच क्रुसावर चढवायला हवं होतं.