नौली, क्ष-किरण आणि लोणावळा

(पडद्यावर: नौली करणारा साधक, फक्त पोटाचा भाग.)

श्वास पूर्ण बाहेर. पोट आत खेचलेलं, फासळ्यांखाली खोल खळगा. आता त्या खळग्यातून मधले दोन स्नायू दोरखंडासारखे पुढे येतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरू लागतात. ही नौली. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत सांगितलेल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांपैकी एक.

त्याच ग्रंथात बस्तीही आहे. बेंबीपर्यंत पाण्यात बसायचं, गुदद्वारात पोकळ नळी ठेवायची आणि पाणी मोठ्या आतड्यात ओढून घ्यायचं. पिचकारी नाही, पंप नाही. मग पाणी वर चढतं कसं? साधकांना ते जमत होतं, एवढं पुरेसं होतं. एका मराठी संस्कृत पंडिताला मात्र ते पुरेसं वाटलं नाही.

जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवलेले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचं शरीर घडलं, अमळनेरला त्यांनी अध्यापन केलं आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडून त्यांना योग मिळाला. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं.

गुरूंवर त्यांची नितांत श्रद्धा होती, आणि तरीही त्यांनी यंत्राची साक्ष घेतली. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी विद्यार्थ्यांकडून उड्डियान (श्वास सोडून पोट आत खेचणं) आणि नौली करून घेतली. क्ष-किरणांनी आतली हालचाल पाहिली, दाबमापकानं आतड्यातला दाब मोजला. नौलीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जात होता. पोटाची पोकळी मोठी होते, आतला दाब उतरतो आणि पाणी आत ओढलं जातं. या निर्वातस्थितीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम.

(पडद्यावर: हस्तलिखिताची पानं.)

योग अर्थातच याहून कितीतरी जुना. मोहेंजोदडोच्या शिक्क्यावरच्या आसनस्थ आकृतीचा दाखला हमखास दिला जातो, पण तो योगीच आहे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कठोपनिषदात मात्र शब्द स्वच्छ आहेत: इंद्रियांची स्थिर धारणा म्हणजे योग. पतंजलींची सूत्रं दोनशेही नाहीत, आणि त्यांत थेट आसनावर तीनच. त्यांचा सगळा रोख चित्तावर. शरीराकडे सविस्तर वळले ते हठयोगी आणि नाथपंथी. त्याच नाथपरंपरेतले ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी ही सुप्त शक्ती जागी होते तेव्हा देहात काय काय घडतं, याचं वर्णन त्यांनी असं केलंय, की ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप मंदावतो. या वाटेला ते 'पंथराज' म्हणतात.

(पडद्यावर: पावसाळी लोणावळा.)

१९२४. लोणावळ्यात कुवलयानंदांची योगसंशोधन संस्था, कैवल्यधाम, उभी राहिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघालं. आसनं कशी करायची हे तर त्यात होतंच, सोबत दाबाचे आकडे आणि क्ष-किरण चित्रंही होती. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या रक्तदाबासाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला.

प्राणायामात भरपूर प्राणवायू मिळतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. कुवलयानंदांनी श्वासाची मोजमापं घेतली आणि सांगितलं, की प्राणायामाचं महत्त्व जादा प्राणवायूत नाही. ते मज्जासंस्थेला मिळणाऱ्या वळणात आहे. योगाचा कैवार घेणाऱ्या माणसानं हे लिहावं, याला धैर्य लागतं.

पुढच्या संशोधनानं त्यांच्या म्हणण्याला बळ दिलं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, की हृदयाचे ठोके श्वासाच्या लयीत कमी-जास्त होऊ लागतात, रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते आणि ताणलेलं शरीर विसाव्याकडे झुकतं. उच्छ्वास लांबवला की मन निवतं, असा साधकांचा जुना अनुभव. त्यामागे हा शरीरधर्म आहे. जुनाट कंबरदुखीत तर अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली औषधांआधी करून पाहायच्या उपायांत योगाला जागा दिली.

मोजमापाची हीच शिस्त 'कोणी काय करू नये' हेही सांगते. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, कारण उलटं होताच डोळ्यांतला दाब वाढतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. आणि हर्निया असेल, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर सुरुवातीला पाहिलेली नौली मुळीच नको.