आधी एक वही जुळवून बघा

(वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं अजून काही ठरलेलं नाही, असं मला सांगितलं आहे. हे ऐकून मला बरं वाटलं. सगळं ठरवून आलेली मुलं फक्त क्लास कुठला लावू एवढंच विचारतात. तुमच्याशी कामाबद्दल बोलता येईल.

लोकांना वाटतं, अकाउंट्स म्हणजे दिवसभर नोंदी करायच्या. नोंदी कराव्या लागतातच. पण कोणी म्हणालं, ‘माझ्याकडे एवढं आहे,’ तर ते खरंच आहे का, हे बघणं हा या कामाचा गाभा. ७ जानेवारी २००९ ला हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं, की वह्यांत दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक तपासणं हा ऑडिटचा पहिला धडा. बँकेकडून थेट पत्र मागवायचं, कंपनीच्या हातून आलेल्या कागदावर विसंबायचं नाही.

आणि हे दूर हैदराबादेतच घडतं असं नाही. आपल्या भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. आयुष्यभराची पुंजी ठेवलेली म्हातारी माणसं शाखेबाहेर उभी होती. एकाच बिल्डर समूहाची थकलेली कर्जं लपवायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. आकडे खोटे निघाले की माणसांचं काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. म्हणून या कामाबद्दल मी इतक्या तळमळीने बोलते.

संगणक हे काम खाऊन टाकेल का? नुसत्या नोंदी करण्याचं काम कमी होत जाणार, यात मला शंका नाही. बँक स्टेटमेंट आता थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे, असा नियम आहे. पण नोंद कोणी, कधी बदलली हे सॉफ्टवेअर सांगेल. का बदलली, हे समोर बसून माणसालाच विचारावं लागतं.

आता सीए. फाउंडेशन, इंटर, दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममध्ये हाताखाली काम शिकणं, आणि फायनल. पदवीनंतर थेट इंटरला प्रवेश मिळतो. कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के लागतात, इतरांना साधारण ६०. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये, म्हणजे तीन पेपरांच्या गटात, एकूण ५० टक्के हवेत. ही दुसरी अटच मुलांना अडवते. तिन्ही पेपरांत ४५-४५ मिळाले तरी ग्रुप निघत नाही. म्हणून आताच घरी बसून बोला, किती अटेम्प्ट द्यायचे ते. पोरं पाच-सहा वर्षं ‘सीए करतोय’ एवढ्या उत्तरावर काढतात, आणि त्यात खचतात. आर्टिकलशिपला मोठ्या नावामागे धावू नका. फोर्टातल्या नाहीतर ठाण्यातल्या लहान फर्ममध्ये व्हाउचिंगपासून, म्हणजे नोंदींमागची बिलं-पावत्या तपासण्यापासून, रिटर्न भरण्यापर्यंत सगळं हाताखालून जातं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, बीएएफ, म्हणजे अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी, करून नोकरी, हे रस्ते आहेतच. पण फी भरण्याआधी एक करा. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि गेल्या वर्षीच्या वह्या बघायला मागा. ३१ मार्चची वहीतली बँक शिल्लक आणि स्टेटमेंटमधली शिल्लक जुळवायला बसा. बहुधा पहिल्या झटक्यात जुळणार नाही. एखादा चेक वटलेला नसेल, बँकेने चार्ज कापलेला असेल. आणि हल्ली हमखास सापडतं ते म्हणजे कोणीतरी यूपीआयने मेन्टेनन्स भरलेला असतो, पण फ्लॅट नंबर लिहिलेला नसतो. ती रक्कम सस्पेन्समध्ये, म्हणजे कोणाची ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, पडून राहते आणि बिचाऱ्या सभासदाला थकबाकीचं व्याज लागतं. हे पैसे कोणाचे, हे शोधल्याशिवाय तुम्हाला उठवेना, तर या क्षेत्रात या. दहा मिनिटांत कंटाळा आला, तर तोही कौल खरा माना आणि दुसरं काही शोधा. आई-बाबांना मी सांगेन.

शेवटी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मी मराठी माध्यमातली. मला जमेल का?’

जमेल. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. त्यामुळे वाचनाची सवय आजपासून लाव. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. त्यातला ऑडिटरचा अहवाल रोज एक पान वाच, अडलेला शब्द वहीत उतरव. आणि पदवीनंतर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची, परीक्षाही बघ. ती देऊन, तीन वर्षं सहकारी संस्थांच्या ऑडिटचा अनुभव घेतला की प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. त्या कामासाठी मराठीचं ज्ञान हवंच, असं राज्याच्या सहकार कायद्यात लिहिलेलं आहे.