दुखणे मुक्कामाला असताना

सकाळ झाली आहे, पण पलंगावरच्या या बाई अजून उठलेल्या नाहीत. डोळे उघडण्याआधी त्या पावलांपासून मानेपर्यंत एकेक सांधा मनातल्या मनात चाचपून पाहत आहेत, कारण आज दुखणे कितपत आहे यावर त्यांचा सगळा दिवस ठरणार आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. चटका बसताच हात मागे घ्यायला लावणारी वेदना आपली राखण करते आणि जखम भरली की निघून जाते. दीर्घकालीन वेदनेत मात्र पुष्कळदा जखम भरून आल्यावरही मज्जासंस्था शांत होत नाही, उलट ती इतकी हळवी होते की अंगावरचे पांघरूण सरकले तरी कळ उठावी. मज्जासंस्थेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून मज्जारज्जूत होणारा हा बदल दाखवून दिला. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. त्यामुळे अहवाल चांगला आला की घरातली मायेची माणसेसुद्धा ‘फार मनावर घेऊ नकोस’ असे म्हणू लागतात, आणि ते ऐकून घेणे दुखण्याइतकेच जड जाते.

दवाखान्यात विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखते? आकडा सोयीचा आहे खरा, पण तो फार थोडे सांगतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द होते. आपल्या भाषेतही दात ठणकतो, कंबरेत उसण भरते, गळू ठुसठुसते, काटा सलतो, पोटात कळ येते आणि पाठीतून चमक निघते. आग होते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, असे कोणी सांगितले तर वेदनेचे मूळ नसांमध्ये असावे, अशी शंका डॉक्टरांना घेता येते. म्हणून रुग्णाला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे, मध्येच तोडू नये, असे मला कळकळीने वाटते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखावा, हेही तिच्यासोबत नोंदवले.

औषधांनी वेदना बहुधा कमी होते, क्वचितच पूर्ण जाते. व्यायाम आणि झोप यांचा उपयोग होतो, पण रात्रभर कूस बदलत राहिलेल्या माणसाला झोपेचे महत्त्व सांगताना आवाज मऊच असावा. सर्वांत अवघड असतो तो बरा दिवस: साचलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकावीशी वाटतात, आणि मग पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

बाई आता कपड्यांच्या घड्या घालत आहेत. शेजारी घड्याळ ठेवले आहे. दहा मिनिटे होताच, हात अजून चालत असतानाही, त्या थांबतात. चादर अर्धी घडी घातलेली तशीच मांडीवर आहे.