दहा बाय अकराच्या खोलीत केवढा स्पीकर?

नमस्कार मंडळी. रेडिओवर बसून स्पीकरबद्दल बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे, कारण मी आत्ता जे बडबडतोय ते तुम्ही कुठल्या तरी स्पीकरमधूनच ऐकताय, कुणी मोबाईलच्या, कुणी गाडीच्या, कुणी स्वैपाकघरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या. तर एक काम करा. मिनिटभर मी काय बोलतोय ते सोडा आणि आवाज कसा येतोय तेवढं ऐका. माझा 'स' आणि 'श' वेगळा कळतोय का? 'भ' आणि 'घ' म्हणतो तेव्हा डबा घुमल्यासारखं होतंय का? हे डोक्यात ठेवा, लागणार आहे.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी बोनस मिळाला आणि मी ठरवलं की यंदा खरे स्पीकर घ्यायचे, ते कंप्युटरला लावायचे प्लॅस्टिकचे नाहीत. एका शोरूममध्ये गेलो. मोठा हॉल, जाड गालिचा, एसी, मऊ सोफा, समोर छातीएवढ्या उंचीचे टॉवर स्पीकर, आणि सेल्समनने लावलं कुठलंतरी परदेशी ड्रमचं रेकॉर्डिंग जे मी आयुष्यात परत कधी ऐकलं नाही. बूम्म. पोटात हललं. मी तिथेच विरघळलो, दोन्ही टॉवर टेम्पोत घातले आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणले, दहा बाय अकराची खोली, चकचकीत फरशी, एक दिवाण आणि एक कपाट. पहिली गोष्ट लावली ती संध्याकाळच्या बातम्या. तर बातम्या देणारे गृहस्थ पिंपात तोंड घालून बोलत होते! दुसऱ्या दिवशी तबला लावला तर डग्गा असा गुरगुरायचा की शाई-बिई काही नाही, नुसता ढग. बायको म्हणाली, पैसे देऊन सर्दी आणलीस घरात.

मी दुकानदारावर चिडलो, मग स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्पवर, मग वायरवर. दोष कुणाचाच नव्हता हो, खोलीचा होता. म्हणजे खरं तर माझा.

हे कसं होतं ते सांगतो, थोडं गणित आहे पण सोपं आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये मीटरमध्ये जेवढं अंतर, त्याच्या दुपटीने या ३४३ ला भागा, की त्या खोलीचा स्वतःचा सूर निघतो, तो सूर वाजला की खोली त्याला साथ द्यायला लागते, न विचारता. माझी खोली ११ फूट लांब म्हणजे ५१ हर्ट्झ (सेकंदाला ५१ कंपनं), १० फूट रुंद म्हणजे ५६, आणि छत साडेनऊ फुटांवर म्हणजे ५९. तिन्ही आकडे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. हिंदी गाण्यातलं बेस गिटार नेमकं या भागात फिरतं. आणि एवढ्यावर थांबत नाही, त्याची दुप्पट म्हणजे १०२, ११२, ११८ इथेही खोली घुमते, आणि बऱ्याच पुरुषांचा बोलण्याचा मूळ सूर नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून ते पिंप! शोरूमचा हॉल मोठा, त्याचे सूर खूप खाली आणि विखुरलेले, वर गालिचा आणि सोफा, तिथे हे जाणवलंच नाही.

तर स्पीकर घ्यायला निघायच्या आधी टेप घ्या आणि खोली मोजा. मग मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे पत्रा थरथरल्यासारखं टर्रर्र ऐकू आलं तर तुमच्याकडे उघड्या भिंती आणि उघडी फरशी जास्त आहे, अशा खोलीत भपकेदार, चकचकीत ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा स्पीकर आणला तर अर्ध्या तासात डोकं दुखेल. इथे सतरंजी घाला, जाड पडदे लावा, आईने शिवलेली गोधडी भिंतीवर टांगली तरी चालते, मी टांगलीये, लोकांना वाटतं डेकोरेशन आहे.

आता ती 'स' आणि 'श'ची गोष्ट. माणसाच्या बोलण्यावरून स्पीकर पारखायची ही युक्ती माझी नाही, बीबीसीची आहे. १९७०च्या दशकात त्यांना बाहेरगावच्या रेकॉर्डिंगला जाणाऱ्या गाड्यांसाठी एक छोटा स्पीकर हवा होता, कारण व्हॅनमध्ये जागाच नसते, हेडफोन लावून तासन्‌तास बसणं नको, आणि आवाज तर खरा कळला पाहिजे. त्यांच्या इंजिनियर लोकांनी जो बनवला त्याचं नाव एलएस थ्री फाइव्ह ए. जेमतेम फूटभर उंच, साडेसात इंच रुंद डबा, केफ कंपनीचा खालच्या सुरांसाठी पाच इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी पाऊण इंची ट्वीटर. बीबीसीत स्पीकर तपासायची एक पद्धत अशी होती की ओळखीचा माणूस शेजारच्या खोलीत बसून बोलतोय आणि त्याचाच आवाज स्पीकरमधून येतोय, दोन्हीत फरक किती ते कानाने पकडायचं. माणसाच्या आवाजात आपल्याला फसवता येत नाही हो, जन्मल्यापासून तेच ऐकतोय आपण. व्हायोलिन जरा वेगळं वाजलं तर आपण म्हणू असेल तसंच, पण आत्याचा आवाज फोनवर जरा बसलेला असला तरी लगेच विचारतो, काय गं, बरं नाही का.

हा स्पीकर पुढे रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी परवाना घेऊन बनवला आणि आजही लोक त्याच्यासाठी वेडे आहेत. पण तो सगळ्यांसाठी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याला खालचा बेस नाहीच, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलंत तर ताशा मस्त आणि ढोल शेजारच्या गल्लीत. आणि दुसरी अडचण, तो अ‍ॅम्पकडून भरपूर पॉवर मागतो.

इथे अ‍ॅम्पचा विषय आला. स्पीकरच्या माहितीपत्रात सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, ८३ डीबी, ८६ डीबी, ९० डीबी असा, डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप. म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती जोरात वाजतो. लोक हा आकडा सोडून वॉट बघतात, आणि तेही काय वॉट, तर खोक्यावर छापलेले दोन हजार पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, ज्याला काही अर्थच नाही, आरएमएस बघा फक्त, म्हणजे सतत मिळणारी ताकद. तर ३ डीबी कमी झाले की तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. म्हणजे बीबीसीवाला ८३ चा छोटा डबा आणि ८९ चा एखादा टॉवर यांच्यात ६ डीबीचा फरक, टॉवरला ५ वॉट पुरत असतील तर डब्याला २० लागतील. तुमच्याकडे वडिलांचा जुना २० वॉटचा अ‍ॅम्प असेल किंवा कुणी हौसेने काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा घेतला असेल तर ८८-९० च्या पुढचे स्पीकर शोधा. छोटा अ‍ॅम्प शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज बिचाऱ्या ट्वीटरला जाळू शकतो. अ‍ॅम्पच्या पाठीवर स्पीकर जोडायच्या जागेजवळ ओहमचा, म्हणजे वीज किती अडते त्याचा आकडा असतो तोही वाचा, ६ ते १६ लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर लावू नका, तो करंट जास्त ओढतो, अ‍ॅम्प तापतो.

आवडीचं म्हणाल तर, तुम्ही काय ऐकता याचं खरं उत्तर स्वतःला द्या, काय ऐकायला हवं याचं नको. ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकणाऱ्याला मधला पट्टा साफ हवा. काळी एकच्या गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी म्हणजे ६९, याच्या खाली गाण्यात फारसं काही नसतं. उलट जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या झणकाराची सगळी मजा वर असते, हजारोंच्या हर्ट्झमध्ये, म्हणून चांगला ट्वीटर हवा, पंधरा इंची वूफर नको. पन्नास-साठच्या दशकातली सिनेमाची गाणी जास्त ऐकत असाल तर फार झगझगीत स्पीकर घेऊच नका, जुन्या रेकॉर्डची खरखर पुढे येऊन बसते. आणि घरात पोरं डीजे लावणार असतील तर सरळ छोटे स्पीकर आणि फक्त बेससाठी वेगळा सबवूफर, म्हणजे बेस तुमच्या मर्जीने बंद तरी करता येतो.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःचं न्या. एक ओळखीच्या निवेदकाचं बोलणं, एक बाई, एक पुरुष, एक तबला सोलो, बास. दोन स्पीकर ताडून बघताना आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो किंचित जोरात वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीये. जमलं तर दोन दिवस घरी न्यायला मागा. नाही म्हणाले तर निदान विचारलं तरी.

वायरवर पैसे घालवू नका. अडीच एमएमची चांगली तांब्याची वायर पुण्याच्या तापकीर गल्लीत मीटरवर मिळते, ती घ्या, पण लाल-काळं नीट बघा. यावरून शेवटचं सांगतो. माझे ते टॉवर शेवटी साताऱ्याकडच्या चुलतभावाने नेले, त्यांच्या वाड्यात माजघराशेजारी भलामोठा सोपा आहे, मातीच्या भिंती, तिथे ते शोभतील म्हटलं. वर्षाने गेलो तर बेसच गायब, ज्या टॉवरने माझ्याकडे ढग गुरगुरवले तो इथे टीव्हीसारखा वाजतोय. मागे वाकून बघितलं तर एका स्पीकरचं लाल काळ्यात आणि काळं लालमध्ये, एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतायत. वायर सोडवली, उलटी लावली, तीच भजनाची रेकॉर्ड परत सुरू केली. आतून काकू चुलीपुढून ओरडल्या, "आज पखवाजवाला आला वाटतं रे?"