दाभण, सुतळी आणि एक गटनायक

नमस्कार, श्रोतेहो. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. तुमच्याही घरात कुणीतरी ‘एनएसएसवाला’ असेलच. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. सात दिवस! तेवढ्यात मुलं मोठी होताना मी पाहिलीत.

एका डिसेंबरात आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घालत होतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, दाभणानं तोंड शिवायचं, विटांसारखी सांधेमोड करून रचायची. आमचा गटनायक बोलण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी त्यानं दीडशे पोती रचून घेतली, गच्च भरलेली. संध्याकाळी पाहतो तर पाणी जिकडून तिकडून पाझरतंय!

कोठीच्या हिशेबाला एक मुलगी होती. ओळखपरेडीत नावसुद्धा पुटपुटलेली. (जाता जाता सांगतो, शिबिरात चूल मुलींकडे आणि टिकाव मुलांकडे, हे मला अजिबात मान्य नाही. भाकरी मुलांनाही थापता आलीच पाहिजे.) तर ती डाळ धुवायला ओढ्यावर गेली. तिथं एक आजी धुणं धूत होत्या. हिनं विचारलं, “आजी, पाणी का थांबत नाही?”

आजी म्हणाल्या, “पोरी, पोतं पोट फुगेस्तोवर भरलं की लोळतं. जरा ढिलं ठेव, म्हंजी अंग टाकून बसतंय.”

मुलगी माझ्याकडे आली नाही. तिनं एक पोतं उसवलं, घमेलंभर माती काढली, पुन्हा शिवलं, जागेवर ठेवून पायानं दाबलं. पोतं बसलं. मग म्हणाली, “दादा, हे बघ.”

गटनायक क्षणभर गप्प. दिवसभराची मेहनत होती हो ती! मग ओरडला, “सगळी पोती खाली घ्या रे!” आणि पहिलं पोतं त्यानंच उचललं.

श्रोतेहो, आधी विचारायचं, मग हात घालायचा. पुन्हा सांगतो, आधी विचारायचं. विचारणारी ती आणि ऐकणारा तो, दोघंही त्या दिवशी पुढारी झाले. आम्ही मात्र उद्घाटनाच्या शाल-श्रीफळात अर्धा दिवस घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं. तेवढ्या वेळात चार शोषखड्डे होतात.

दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत पोती उसवणं-शिवणं चाललं. कोठीच्या वहीत तिची नोंद होती: सुतळी, ३ बंडल, जास्तीची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजींचा धुण्याचा दगड पाण्याखाली गेला होता. मुलं दुसरा दगड उचलायला धावली. ती मुलगी आधी आजींकडे गेली आणि म्हणाली, “आजी, कुठं लावू?”