टोळाच्या तंगडीत चार तारा

हा वाळवंटी टोळ. त्याच्या मागच्या तंगडीकडे बघा. घडी घालून पोटाशी घेतलीय. क्षणभर काहीच हलत नाही... आणि गेला!

ही तंगडी झटक्यात सरळ करतो तो मांडीतला जाडजूड स्नायू. त्याच्याकडे येणाऱ्या चेतापेशी किती? चार. आपल्या पोटरीला शेकडो लागतात. इतक्या कमी तारांवर टोळ चालतोही, लाथही मारतो आणि उडीही घेतो, कारण प्रत्येक तारेच्या टोकाला रसायनांचा खेळ आहे.

पहिली चेतापेशी झटक्याची, दुसरी सावकाशीची. दोघींचं रसायन एकच, ग्लुटामेट. हो, चायनीजच्या गाडीवर कढईत पडतो त्या अजिनोमोटोमधलाच! तो स्नायूतंतूच्या पडद्यावर पोचला की बारीक दारं उघडतात, सोडियम आत शिरतो, स्नायू आखडतो. आपल्या स्नायूंत हे काम असिटिलकोलिन करतं आणि ग्लुटामेट मेंदूत राबतो. कीटकांत वाटणी उलटी. म्हणून ज्या क्युरारे नावाच्या विषाने माणूस लुळा पडतो, त्याला टोळाची तंगडी दाद देत नाही.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. तिचं काम ‘पुरे’ म्हणणं. आपल्या शरीरात हे ‘पुरे’ मज्जारज्जूतच होतं. स्नायूपर्यंत फक्त ‘आखड’ एवढाच हुकूम येतो. टोळात मात्र मनाई थेट स्नायूवर बजावली जाते. तिथे गाबा नावाचं रसायन सुटतं, क्लोराइडची दारं उघडतात आणि ग्लुटामेटचा जोर जिरतो. मागे रेंगाळलेला ताण उतरतो, पुढचं पाऊल मोकळं पडतं.

चौथीचं ऑक्टोपामिन. ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत आधी सापडलं, म्हणून हे नाव. ते स्वतः स्नायू ओढत नाही. पण ते आलं की तोच झटका जास्त जोराचा बसतो आणि स्नायू सैलही लवकर पडतो.

आता झुरळ. 1975 साली कॅनडातल्या स्टारॅट आणि ब्राउन यांनी सव्वा लाख झुरळांतून एक रसायन वेगळं काढलं. हाती आलं 180 मायक्रोग्रॅम. मिठाच्या दोन-तीन कणांएवढं! अवघ्या पाच अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे प्रोक्टोलिन. ते आतड्याच्या स्नायूंचं मानलं गेलं होतं. पुढे ते झुरळाच्या पायातल्या सावकाश चेतापेशीतही सापडलं, ग्लुटामेटच्या जोडीला. ग्लुटामेटचा झटका ओसरतो. प्रोक्टोलिनने चढलेला ताण मात्र त्यानंतरही बराच वेळ टिकून राहतो.